शंकरपटाच्या धुरकऱ्याचा मृत्यू

पोळा जवळ आला, बाजारात झुली आणि गोंडे लटकायला लागले, की ती केस हटकून माझ्यासमोर येऊन उभी राहते. निवृत्तीनंतर बऱ्याच गुन्ह्यांची डोक्यात सरमिसळ झाली आहे, हे प्रकरण मात्र जसंच्या तसं आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही.

परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मानाचा बैल कुणाचा पुढे, यावरून पोळ्याला एखाद्या गावात तरी डोकी फुटायचीच. त्या वर्षी सण शांततेत पार पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी, करीला, आम्ही जरा निवांत होतो. दिवेलागणीच्या सुमारास फोन आला. ठाणे अंमलदाराने फोन ठेवला.

"साहेब, धुरकरी गेला. खून झालाय म्हणतेत."

कोणता धुरकरी, हे विचारायची गरज नव्हती. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारे आमच्याकडे पुष्कळ, पण फलकावर फोटो झळकणारा हा एकटाच. लहानपणी लोकांची गुरं राखणारा हा माणूस पुढे असा नावारूपाला आला, की पूर्णेपासून सोनपेठपर्यंत पट कुठेही असो, तो येणार म्हटलं की लोक झाडांवर चढून बसायचे. हातात पराणी नाही, चाबूक नाही. नुसत्या आवाजावर जोडी पळवायचा. अंगावर बैलाच्या शिंगाचा एक ओरखडा नाही, असं तो सदरा वर करून दाखवायचा. बैल त्याला मारूच शकत नाही, यावर लोकांचा देवासारखा विश्वास होता.

आम्ही पोचलो तेव्हा प्रेत गोठ्याबाहेर अंगणात होतं. कपडे नवे कोरे, मुठीत हार चुरगळलेला, पोटात खोल जखम. त्याच दिवशी गंगाखेडला त्याचा सत्कार झाला होता, तिथून तो एकटाच पुढे आला होता. घरची मंडळी मागून एसटीने आली, ती थेट या दृश्यासमोर. गोठा धुतलेला होता, पण पोळ्याच्या दिवसांत कुणाचा गोठा धुतलेला नसतो? मी पंचनामा सुरू केला.

फोन करणारा शेजारीच होता. त्याने जबाबात सांगितलं, "जोडीदार हौदावर इळा धुवायला लागला होता. कपडे समदे रगतानं भरलेले. म्या हाक मारली तर बघितलं बी न्हाई."

जोडीदार म्हणजे पटाच्या जोडीतल्या दुसऱ्या बैलाचा मालक. एक बैल याचा, एक त्याचा, आणि दोस्ती लहानपणापासूनची. काही महिन्यांपूर्वी ती जोडी फुटली होती. बैलाला दम घेऊ दे, प्रत्येक पटात उतरवू नको, असं जोडीदाराचं म्हणणं. धुरकऱ्याला आता थांबवत नव्हतं, लोक बोलवत होते. पारावर सगळ्यांसमोर भांडण झालं आणि जोडीदार ओरडला होता, "असाच मरशील एक दिवस!" त्यानंतर त्याने आपला बैल सोडून नेला आणि बोलणं बंद केलं.

मयताच्या बायकोने फिर्याद दिली. रडत नव्हती. "त्यानंच मारलं माझ्या मालकाला. लिव्हा. दुसरं कोन मारनार?" दोनदा, तीनदा तेच. माझं लिहून झालं तरी ती सांगतच होती. खुनाचा गुन्हा दाखल झाला, जोडीदाराला अटक झाली, विळा मुद्देमालात जमा झाला. अंत्ययात्रेला जिल्हाभरातून माणसं आली, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं आरोपीला फाशी द्या म्हणत ठाण्यावर मोर्चा घेऊन आली.

वरिष्ठ खूश होते. साक्षीदार आहे, हत्यार आहे, वैर आहे, आणखी काय पाहिजे? मला मात्र आरोपीचं वागणं पटत नव्हतं. खून केलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती एक तर घडाघडा बोलतात, नाही तर खोटं बोलतात. हा गडी तोंडाला कुलूप लावून बसला होता.

"मारलंस का?"

"लिव्हा तुमाला काय लिव्हायचं ते."

"मारलं नसशील तर सांग की."

"म्या काय बी सांगनार न्हाई, साहेब." आणि मग हळूच, "वैनी जेवली का हो काल?"

ज्या बाईने त्याला खुनी ठरवलं, तिच्या जेवणाची चौकशी तो कोठडीतून करत होता. मी जमादाराकडे पाहिलं, जमादाराने माझ्याकडे.

तेवढ्यात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पाचर मारली. ते म्हणाले, "विळा कापतो. ही जखम गोल आणि आत निमुळती होत गेलेली आहे. हत्यार दुसरं शोधा." आम्ही पहार, सळई, सगळं धुंडाळलं. हाती काही लागेना.

जखम शिंगाची असू शकते, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण गावात नुसतं विचारलं तरी लोक अंगावर येत. "त्यो बैल? लेकरू हाय त्यो त्याचं!" गर्दीला बुजतो म्हणून नातेवाइकांनी बैल आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, नेऊन बांधला होता. मी जमादाराला घेऊन तिकडे निघालो. वाटेत जो बैल दिसे, त्याची शिंगं पोळ्याच्या हिंगुळाने लालभडक होती. रंग अजून उडाला नव्हता.

आखाड्यावरच्या बैलाची शिंगं उघडी होती. नुसती उघडी नाही, साळलेली, ताजी तासलेली, आतलं पांढरं दिसेपर्यंत.

मीही शेतकऱ्याच्या घरातला. शिंगं साळतात ती पोळ्याच्या आधी. साळायची, तेल लावायचं आणि मग रंगवायची. सणात रंगवलेली शिंगं दुसऱ्याच दिवशी कुणी साळत नाही. तिथे राखणीला बसलेल्या नातेवाइकाला मी विचारलं.

"घरात मयत झाली, म्हनून रंग काढला आसल कोनी," तो म्हणाला.

"सुतकात बैलाचा रंग काढतात? कधी पाहिलंस?"

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "न्हाई बा. आमी इचारच केला न्हाई." पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावून शिंगाच्या बुडाशी राहिलेला रंग पंचांसमक्ष खरवडून घेतला. प्रयोगशाळेने पुढे त्यात माणसाचं रक्त असल्याचं कळवलं, पण मी त्या अहवालासाठी थांबलो नाही.

त्याच दुपारी जोडीदाराला समोर बसवून चहा दिला आणि म्हणालो, "विळ्याने तू शिंगं साळलीस."

त्याने कप खाली ठेवला आणि ओक्साबोक्शी रडला. इतके दिवस अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं.

सत्काराची बातमी ऐकून तो मिटवायला आला होता. सण आहे, किती दिवस अबोला धरायचा, म्हणून गोठ्यात बैलाजवळ वाट पाहत बसला. धुरकरी आला, दोघं गळ्यात पडले. धुरकऱ्याची एक सवय होती. गोठ्याच्या दारात खुंटीला एक जुनी, कळकट बंडी असायची. ती घातल्याशिवाय तो या बैलाजवळ जात नसे. बैल तापट होता, त्या वासावर शांत राहायचा. त्या दिवशी खुंटी रिकामी होती. बंडी धुऊन दोरीवर वाळत घातलेली होती.

"वैनीनं सनासुदीची धुतली, साहेब. लय वास मारायली म्हनून. म्या म्हनलं, आज नको जाऊ, अत्तर हाय तुझ्या अंगाला. त्यो हसला. म्हनला, जग वळखतंय मला, ह्यो न्हाई वळखायचा? आन् गळ्यातला हार काढून बैलाला घालाया म्होरून गेला."

बैलाकडे समोरून जाऊ नये, हे पोरांना शिकवणारा तोच होता. जोडीदाराने त्याला ओढून बाहेर आणलं, पण अंगणातच सगळं संपलं. मग त्याने गोठा धुतला आणि शिंगांवरचा रक्त मुरलेला रंग विळ्याने साळून काढला.

"मग लपवलंस कशासाठी?"

"बैलानं मारलं म्हनलं, की कसं मारलं, बंडी कुटं होती, समदं निघालं असतं. वैनी जल्मभर सोताला खाईल. माझं काय, म्या एकलाच हाय. साहेब, पाया पडतो, तिला सांगू नका."

मी पेचात पडलो. खरं लिहिलं तर हा सुटणार आणि ती मरेपर्यंत जळणार. न लिहावं, तर निरपराध माणूस जन्मठेपेला जाणार. पोलिसाला यात निवड नसते, पण वाईट वाटायला बंदी नसते. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. काय बोलायचं ते रात्रभर जुळवत होतो. सुरुवात केली, "बाई, आम्ही बैल पाहिला..."

"बंडी म्याच धुतली," ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं.

"आंगनात पाय ठिवला आन् दोरीवर बंडी दिसली, तवाच कळलं मला. म्हनून तर त्येचं नाव घेतलं. त्यानं मारलं आसतं तर म्या सुटले आसते." मग तिने पदर तोंडाला लावला. "त्यो काहीच बोलंना, साहेब. मला वाटलं, बोलंल, मला शिव्या देईल. त्यो बोललाच न्हाई. सोडा त्याला."

न्यायालयात अहवाल दिला. नोंद अपघाती मृत्यूची झाली. पुरावा नष्ट केल्याचं काय, असं एका वरिष्ठांनी विचारलं. गुन्हाच घडला नव्हता तर पुरावा कशाचा, असं मी उत्तर दिलं आणि त्यांनीही ते ताणलं नाही. गावाने मात्र आजवर मान्य केलेलं नाही. त्याच्या फोटोखाली अजूनही घातपात असंच लिहितात. बैलाने मारलं हे त्यांना सोसत नाही.

नोकरीभर मी खोटी फिर्याद देणाऱ्यांवर चिडत आलो. या बाईवर चिडता आलं नाही. दुःखाला कारण पाहिजे असतं, आणि ते कारण आपण स्वतः असलो तर माणूस कुणालाही धरून आणतो. तेव्हापासून फिर्यादी तेच तेच पुन्हा सांगायला लागला, की मी लिहिणं थांबवून त्याला आधी पाणी देत असे.

जोडीदार सुटला त्या दिवशी ती ठाण्याच्या फाटकात उभी होती. तो मान खाली घालून समोर थांबला. मग म्हणाला, "वैनी, बैल माझ्याकडं नेतो. तुमच्या डोळ्यासमोर नको."

"न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "त्यानं काय केलंय? मला फकस्त त्याच्याजवळ जायला शिकवा."