वाचताना गाळलेली ओळ

आमच्या घरात कागद वाचायचं काम माझं. सातबारा असो, विजेचं बिल असो, बँकेची नोटीस असो, दादा ते माझ्यापुढे टाकायचा आणि म्हणायचा, "घे, तुझं खाद्य आलंय." मी धाकटा, शहरात शाळेत मराठी शिकवणारा. तो थोरला, गावात बाग सांभाळणारा. मी मोठ्याने वाचायचो, तो आणि वहिनी पडवीत बसून ऐकायचे. कागदातला एखादा जड शब्द आला की मी थांबून अर्थ सांगायचो. मी वाचलं म्हणजे कागदात तेवढंच आहे, यावर दोघांचा पूर्ण विश्वास होता.

दादा गेल्यावर पोलिसांनी कोर्टात दिलेल्या कागदांची प्रत आली तेव्हाही वहिनींनी ती न उघडता माझ्याच हातात दिली. मी वाचून दाखवली. त्यातली एक ओळ मी पुरी वाचली नाही.

ते सांगण्याआधी आमच्याकडे आंब्याच्या हंगामात गाडी कशी येते ते सांगायला हवं. मालगुंडच्या बाजूला समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. दुपारी एक पिकअप निघतो आणि वाटेतल्या बागांमधून पेट्या गोळा करत जातो. संध्याकाळी त्या पेट्या मोठ्या ट्रकवर चढतात. पिकअप एक आणि बागा पुष्कळ. गाडी आधी कुणाकडे वळवायची ते ड्रायव्हर ठरवतो, आणि ड्रायव्हर ठरवतो ते फोनवर. जो जास्त फोन करील त्याच्याकडे गाडी आधी. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर प्रत्येक घरापुढच्या खळ्यात कुणीतरी फोन कानाला लावून उभं असतं. "कुठे पोचलास? अजून तिथेच? अरे, आमच्या पेट्या उन्हात आहेत रे!" आणि त्या एका माणसाचा फोन गाडी चालवताना सतत वाजत असतो.

दादाला हे मान्य नव्हतं. तो ड्रायव्हरला कधी फोन करायचा नाही. पेट्या बांधून झाल्या की मोटारसायकल काढायचा, फाट्यावर जाऊन उभा राहायचा आणि पिकअप दिसला की हात करून पुढे निघायचा. गाडी त्याच्यामागून आमच्या खळ्यात. शेजारचे हसायचे. "एका फोनचं काम, त्याला हा पेट्रोल जाळतो." हेल्मेटशिवाय तो चार घरं पलीकडेही जात नसे, त्यावरूनही टोमणे असायचे. "काय हो, चंद्रावर चाललात की काय?" दादा हेल्मेटच्या आतून काहीतरी उत्तर द्यायचा. ते कुणालाच ऐकू जायचं नाही, आणि मग आणखी हसू.

गाडीवर असताना तो फोन उचलत नसे. वाजला तर गाडी बाजूला घ्यायची, स्टँड लावायचा, हेल्मेट काढायचं, मग खिशातून फोन. तोवर रिंग संपलेली असायची. याचा मला राग यायचा. "तुला फोन करण्यापेक्षा पत्र टाकलेलं बरं," असं मी एकदा म्हणालो होतो.

"टाक की," तो म्हणाला होता. "तुझं अक्षर चांगलं आहे."

त्या शनिवारी मी सकाळच्या एसटीने गावी गेलो होतो. हंगामात शनिवार-रविवार मी मदतीला जात असे. मदत म्हणजे काय, पेट्यांवर नावं घालायची. माझं अक्षर चांगलं. पण त्या दिवशी संध्याकाळी सहाला शहरातल्या वाचनालयात माझं भाषण होतं. वीस-पंचवीस माणसं आली असती, त्यातली निम्मी ओळखीची. तरी मी आठवडाभर तयारी केली होती. मला साडेचारची एसटी गाठायची होती, आणि पेट्या चढल्याशिवाय निघणं बरं दिसलं नसतं.

सव्वातीनला दादा नेहमीसारखा निघाला. वहिनी मागच्या दारी आढीत आंबे पिकायला लावत होत्या. मी पडवीत पुस्तक घेऊन बसलो. साडेतीन झाले. गाडी नाही, दादाही नाही. मी दादाला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. मी चिडलो. मग ड्रायव्हरला केला. त्याने उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हा तो "दोन बागा हायत सर, मंग तुमचीच," असं म्हणाला. पावणेचारला मी तिसऱ्यांदा केला. डाव्या हाताचं बोट पुस्तकात खुणेला होतं, उजव्या हातात फोन. ते बोट मला अजून आठवतं.

"हां सर, आलो आलो. वळणावर हाय—"

आणि मग एक आवाज आला. भरलेली पेटी उंचावरून फरशीवर टाकली तर होईल तसा. मला वाटलं, फोन त्याच्या हातातून पडला. मी दोनदा "हॅलो" म्हटलं, कट केला, घड्याळ बघितलं आणि पुस्तक उघडलं. मी दोन पानं वाचली. तिसऱ्या पानावर असताना वाटेवरून कुणीतरी ओरडत धावत आलं.

वळण आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. एका बाजूला जांभ्या चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला उतार. फाट्यावर पोचायला त्या दिवशी दादाला उशीर झाला होता, कारण वाटेत कुणाची तरी गाय आडवी आली होती आणि तो तिला हाकलत बसला होता, असं नंतर कळलं. तो आपल्या बाजूने जात होता. पिकअप वळणावर त्याच्या बाजूला आला. ड्रायव्हरची नजर खाली, हातातल्या फोनवर होती. दादाच्या हेल्मेटला नुसता एक ओरखडा आला होता. मार छातीला होता. शहरातल्या इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांकडून दादाचा फोन परत मिळाला तेव्हा त्यावर माझा न उचललेला कॉल होता. वहिनींनी तो पाहिला. "तुम्ही केला होतात ना, भावोजी? बघा, उचलला नाही त्यांनी. गाडीवर कधी उचलायचे नाहीत." हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःखाबरोबर अभिमानही होता. मी मान हलवली. त्यानंतर मी कुणाला फोन केला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं त्यांना कारणच नव्हतं.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी ड्रायव्हरची बायको आली. बंदराकडच्या वस्तीतली, डोक्यावरून ओढणी घेतलेली, तिशीची असेल. खळ्यात उभी राहिली, वर पडवीत आली नाही. "माफी मागायला आलेय, भाभी," एवढंच म्हणाली. वहिनी पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"तुझा नवरा आहे ना घरी? जेवतो ना दोन वेळा? मग जा, त्याला वाढ. माझ्या दारात उभी राहू नकोस. आणि विचार त्याला, असा कोण मोठा लागून गेला होता तो फोन करणारा, ज्याच्यासाठी रस्त्यावरची नजर काढलीस?"

मी पडवीतच होतो. खुर्चीत बसलो होतो. ती बाई एकदा माझ्याकडे बघून खाली मान घालून गेली. तिला ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही.

मग ते कागद आले. त्यात ड्रायव्हरचा जबाब होता. 'सदर वेळी आंब्याच्या पेट्यांबाबत,' आणि पुढे दहा आकडी क्रमांक, 'या क्रमांकावरून आलेला फोन घेत असताना माझे समोर लक्ष नव्हते.' तो क्रमांक आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला दादाच्या हाताने लिहिलेला आहे. मी पहिला मोबाइल घेतला तेव्हा त्याने तो खडूने लिहिला, आणि पुसला जाऊ नये म्हणून पुढे ऑइलपेंटने गिरवला. वहिनी रोज त्या दारातून शंभरदा ये-जा करतात. त्यांना तो पाठ आहे.

मी वाचलं, "सदर वेळी फोन घेत असताना माझे समोर लक्ष नव्हते." आवाज अडखळला नाही. वर्गात धडा वाचताना एखादं कठीण वाक्य सोपं करून सांगावं, तसं मी ते वाक्य सोपं केलं.

"कुणाचा फोन, ते लिहिलेलं नाही?" वहिनींनी विचारलं.

"बागवाल्यांपैकी कुणाचातरी," मी म्हणालो. हे तर खरंच होतं.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर एकदा बंदरावर मासळी घ्यायला गेलो असताना मला तो ड्रायव्हर दिसला. जामिनावर सुटला होता. गाडी चालवायचं त्याने सोडलं होतं, बर्फाच्या लाद्या उतरवत होता. मी तोंड फिरवायच्या आत त्याने मला पाहिलं. हात पुसत जवळ आला.

"सर, नंबर पोलिसांनी फोनातनंच घेतला. मी नाव नाय घेतलं तुमचं."

"का नाही घेतलंस?"

"घेऊन काय करू? उचलला तर मी," तो म्हणाला. "तुमचा नंबर दिसला म्हणून उचलला, सर. दुसऱ्या कुणाचा असता तर वळण काढून मंग उचलला असता. तुम्ही तर कधी करत नाय, आणि त्या दिवशी तिसऱ्यांदा आला. म्हटलं, काय झालं असेल?"

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. बर्फाचं पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं. मी मासळी न घेताच घरी आलो.

त्या हिवाळ्यात मी पुष्कळ वाचलं. वाचत असलो की विचार करावा लागत नाही, असा माझा लहानपणापासूनचा अनुभव. तो पहिल्यांदाच खोटा ठरला. पान उलटलं की मला ती दोन पानं आठवत. मी फोन कट केल्यावर वाचलेली. त्या वेळी दादा जिवंत होता. मी लगेच उठलो असतो तर काही बदललं असतं, असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण तो रस्त्यात पडला होता आणि मी वाचत होतो, हे कुठल्याच डॉक्टरला खोडता येणार नाही.

या वर्षी आंबा उशिरा आला. बाग वहिनींनी सोडली नाही. झाडावर माणसं चढवण्यापासून पेट्या बांधण्यापर्यंत सगळं त्या बघत होत्या. मी शनिवारी जातच होतो. पेट्यांवर नावं घालायला. पिकअप दुसरा होता, ड्रायव्हरही नवा. एका शनिवारी चार वाजले तरी गाडी आली नाही. पेट्यांवर ऊन आलं होतं. वहिनी खळ्यात पदराने घाम पुसत उभ्या होत्या.

"भावोजी, फोन करा हो त्या पिकअपवाल्याला. कुठे पोचलाय विचारा. पलीकडचे मघापासून करतायत, त्यांच्याकडे नेईल नाहीतर."

मी हललो नाही.

"ऐकलंत का?"

"मी नाही करणार, वहिनी."

"अहो, एक फोन तर करायचा. त्याला काय पोथी वाचायची आहे?"

मी आत गेलो. कपाटातून ते कागद काढले. पडवीत येऊन खुर्चीत न बसता उभं राहून ती ओळ वाचली. पूर्ण वाचली. दहाच्या दहा आकडे, एकेक करून. सातव्या आकड्याला वहिनींचे ओठ माझ्याबरोबर हलू लागले होते. शेवटचे तीन आकडे मी वाचायच्या आधी त्यांनीच म्हटले.

त्या आत गेल्या नाहीत, दार बघायला. त्याची गरज नव्हती. पायरीवर बसल्या.

"त्या बाईला मी इथनं हाकलली," त्या म्हणाल्या. "काय काय बोलले तिला. तुम्ही त्या खुर्चीत बसून ऐकत होतात."

"हो."

"सगळं ऐकलंत."

"हो."

मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा मला निघून जा म्हणतील. दोन्हींसाठी मी वर्षभर तयारी केली होती. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी कागद दिले. त्यांनी ते घडी करून कमरेला खोचले आणि वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या, गाडीची वाट बघत. दादा उभा राहायचा तशा. पिकअप पाचला आला. शेवटचाच आला, बहुतेक भरलेला. आमच्या निम्म्या पेट्या राहिल्या. नव्या ड्रायव्हरला त्या म्हणाल्या, "आमच्या घरनं फोन आला तर चालत्या गाडीत उचलायचा नाही. माझा आला तरी नाही."

तो हसला. "काकी, मग तुमचा नंबर शेवटचा लागणार."

"लागू दे," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या एकट्या एसटीने बंदराकडे जाऊन आल्या, त्या बाईच्या घरी. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायचा अधिकार मी त्या खुर्चीत बसून घालवला आहे.

मी अजून शनिवारी जातो. वहिनी चहा देतात, जेवायला वाढतात, पेट्यांवर नावं घालायला शाई काढून ठेवतात. कागद मात्र आता माझ्यापुढे येत नाहीत. परवा विजेचं बिल आलं होतं. त्या उंबऱ्यावर बसून, चष्मा लावून, एकेका शब्दावर बोट ठेवून स्वतःच वाचत होत्या. एका शब्दाशी अडल्या. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. तो शब्द मला इथूनही दिसत होता. त्यांनी मान वर करून विचारलं नाही. थोडा वेळ त्या शब्दावर थांबल्या, मग बोट पुढे सरकलं.