तिच्या टोपल्यातल्या पोळ्या

"या रे, जल्दी या, खिचडी वाट पाहून राह्यली!" असं ओरडत ती पातेल्याच्या झाकणावर पळी वाजवायची, अन् अख्खी शाळा ताटल्या घेऊन धावायची. घनसावंगीकडच्या आमच्या गावात ती शाळेची खिचडी शिजवायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. राहायची वेशीबाहेरच्या वस्तीत.

ती नवी होती तेव्हा दोन-चार घरांनी पोरांना डबे दिले. आठ दिवसांत पोरांनी ते डबे कुत्र्यांना चारले आणि खिचडीच्या रांगेत उभी राहिली. मावशी हसून मला म्हणाली, "सर, भुकेला बराबर कळतं."

पण मोठ्यांना कळेल तर शपथ! दर साली सप्त्याच्या शेवटच्या दिवशी पंगतीसाठी ट्रॅक्टर घरोघर फिरून पोळ्या गोळा करतो. वेशीच्या आतून पोळ्या, वेशीबाहेरून नुसती कोरडी कणीक. का? तर म्हणे, "वाडवडिलांपासून असंच हाय." पणजोबाचं नाव विचारा, डोकं खाजवतील. हे मात्र तोंडपाठ! तरी मावशी दर साली टोपलंभर पोळ्या करून दारात बसायची. "थांबंल की एखांद्या साली," म्हणायची.

गेल्या साली थांबला. ड्रायव्हर नवा, मंठ्याकडचा. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानं तिचं टोपलं ट्रॉलीत रिकामं केलं आणि मावशी पदर सावरत मागोमाग मांडवापर्यंत आली. एवढ्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मांडवात बोंब झाली. कमिटीची शहाणी माणसं पोळ्यांच्या ढिगाभोवती उभी. यातल्या तिच्या कोणत्या? एकानं तर पोळी उलटीपालटी करून पाहिली. पोळीवर जात लिहिलेली असते का हो? तुम्हीच सांगा! सगळ्या फेकाव्यात तर गाव उपाशी. शेवटी अध्यक्षांनी गोमूत्र आणवलं, ढिगावर शिंपडलं आणि हरिनामाच्या गजरात पंगत बसली. मावशी खांबाला धरून बघत होती. मी तिथंच होतो, वाढायला. तोंडातून एक शब्द काढला नाही. थू माझ्या मास्तरकीवर!

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकखोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "इतके साल लेकरांना बिगर शिंपडता वाढलं, सर. चुकलंच माझं."

"मावशी, असं नका करू."

"काल बोलायचं होतं, सर."

ती जालन्याला लेकीकडे निघून गेली.

चार दिवसांनी अध्यक्ष नातीचं बोट धरून शाळेत आले. "सर, बोलवा त्या बाईला. पोरगी दुसऱ्या कुणाच्या हातचं खाऊन न्हाई राह्यली."

नातीनं बंद दाराकडं पाहिलं. "मावशी रुसली का, सर?"

"रुसली न्हाई, बाळा," मी अध्यक्षांकडं बघत म्हणालो. "तुझ्या आजोबानं अन् मी मिळून हाकलली तिला."