फरशीखालचा जोड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझ्या बाकीच्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत. सिगारेट किती वेळा सोडली, थोरल्या भावाशी दोन वर्षं का बोलत नव्हतो, सगळं. पण हे नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू का, मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही, एवढंच कारण असेल.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी न्यू जर्सीत लोकांची घरं गरम करतो. पाण्याने. तळघरात बॉयलर असतो, त्यातलं गरम पाणी पाईपांतून घरभर फिरतं आणि भिंतीलगतच्या रेडिएटरमधून, नाहीतर थेट फरशीखालून खोलीला ऊब देतं. इथल्या आपल्या लोकांना, म्हणजे आयसेलिन-एडिसनकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांना, बहुतेक गरम हवेची हीटिंग माहीत असते. पंखा चालू झाला की नाक कोरडं, बंद झाला की पाय गार. हवेने घर गरम करणं म्हणजे फुंकर मारून भाकरी भाजणं, हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की मंडळाच्या गणपतीत मला बघून लोक विषय बदलतात.

मतं मला भरपूर आहेत. गरजेपेक्षा मोठा बॉयलर लावणारा कॉन्ट्रॅक्टर आळशी असतो — घराची उष्णता कुठून किती निसटते ते मोजायचा त्याला कंटाळा. थर्मोस्टॅटला दर तासाला बोट लावणाऱ्या गिऱ्हाइकाला कुठलीच सिस्टीम पुरी पडत नाही. आणि फरशीखाली पाईपला जोड देणारा माणूस चोर असतो.

हे शेवटचं मत टोनीचं. टोनी माझा उस्ताद, इटालियन घराण्यातला म्हातारा. सोलापूरचा मेकॅनिकल डिप्लोमा घेऊन मी भावाच्या स्पॉन्सरशिपवर इथे आलो, तेव्हा त्याने मला हाताखाली घेतलं. सात वर्षं त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि 2001 मध्ये माझी स्वतःची व्हॅन घेतली. फरशीखालचा पाईप सलग हवा, हा त्याचा पहिला नियम. बॉयलरकडून निघून परत बॉयलरकडे येईपर्यंत एकच तुकडा. एकदा वरून काँक्रीट पडलं की आत काय आहे ते कुणी बघत नाही, म्हणून तर ते नीट हवं — असं तो म्हणायचा.

बघा, मी गोल गोल फिरतोय. टोनीबद्दल मला रात्रभर बोलता येईल. त्याच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

संदीप माझं मंडळातलं पहिलं मोठं गिऱ्हाईक. अमरावतीचा मुलगा, फार्मा कंपनीत आयटीत. घराच्या मागे त्याने एक मोठी खोली वाढवली होती आणि तिला फरशीखालची हीटिंग हवी होती. इंटरनेटवर वाचून वाचून त्याने मला चाळीस प्रश्न विचारले, चाळिसांचीही उत्तरं मी दिली. ते काम नीट झालं असतं तर मंडळातली दहा घरं मला मिळणार होती, हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही.

2003 चा ऑक्टोबर असेल. शेवटचा पाईप पसरत मी एकटाच मागे मागे सरकत होतो. गार हवेत पाईपचं प्लास्टिक ताठ होतं. वळणावर माझ्या गुडघ्याखाली ते मुडपलं, पांढरी घडी पडली. पाईप गेला. नियम काय? तो अख्खा फेरा उपसायचा, अडीचशे फूट, आणि नवा टाकायचा. काँक्रीटवाला सकाळी सातला येणार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. जमलं असतं का? जमलं असतं. रात्री नऊपर्यंत झालं असतं. मी मुडपलेला भाग कापला, पितळी जोड घातला, दोन्हीकडून रिंगा दाबल्या आणि हवेचा दाब भरून गेज लावलं. सकाळी काटा साठ पौंडांवरून अठ्ठावन्नावर आला होता. थंडी पडली की हवेचा दाब थोडा उतरतो — हे खरं आहे, कुठल्याही पुस्तकात आहे. म्हणून तर सोयीचं पडलं. मी काचेवर टिचकी मारली आणि काँक्रीटवाल्याला हात केला.

पण मला सांगायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर धंद्यातल्या कुणालाही बिअरबरोबर सांगून मोकळा झालो असतो. चोर ठरलो असतो, पण टोनीच्या व्याख्येतला.

पुढच्या वसंतात संदीपचे वडील आले, सहा महिन्यांसाठी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. आयटीआयमध्ये तीस वर्षं सुतारकाम शिकवलेला माणूस. मोजमाप हा त्यांचा धर्म. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम स्टीलचा टेप असायचा. बोलता बोलता ते टेबलाची जाडी मोजायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. इथे त्यांना करमत नव्हतं. गाडी येत नाही, टीव्ही समजत नाही, नातू वर्षाचा. मग त्यांनी गॅरेजमध्ये ओकच्या लाकडाचं देवघर करायला घेतलं. तीन आठवडे खपले. छोटा कळस, दोन खांब, खाली निरांजनाचा खण. मी ते पाहिलं तेव्हा खिळा कुठे दिसेना. सगळे सांधे खाचेत बसवलेले. मला फार आवडलं होतं, आणि मी तसं म्हटलंही होतं.

देवघर नव्या खोलीत ईशान्येला ठेवायचं ठरलं. नातू धरून धरून उभा राहायला लागला होता, ओढून अंगावर घेईल म्हणून काकांना ते फरशीला एका स्क्रूने बसवायचं होतं. दुसरा कुणी असता तर सरळ ड्रिल लावला असता. काकांनी मला फोन केला.

"भिंतीपासून चौदा इंच, बाजूने नऊ. स्क्रू सव्वा इंचाचा. खाली तुमचा पाईप तर नाही ना?"

मी ड्रॉइंग काढून बघितलं. जवळचा पाईप चार इंच लांब होता. "बिनधास्त मारा, काका," म्हटलं. त्यांनी मापं मला परत एकदा वाचायला लावली.

जानेवारीत संदीपचा फोन आला. दोन-तीन वर्षांचा गारठा त्या एका महिन्यात पडला होता. बॉयलरचा दाब सारखा उतरतोय आणि नव्या खोलीखालच्या पोकळीत ओल दिसतेय, असं तो म्हणाला. काकांचा मुक्काम सुनेच्या आग्रहाने वाढला होता, तेही घरातच होते. मी गेलो. कुठे खणायचं ते मला विचारावं लागलं नाही. मी स्क्रू काढून देवघर हलवलं, टाइल उचलल्या, छिन्नी घेतली. जोडाची एक रिंग पाझरत होती. देवघराच्या स्क्रूच्या भोकापासून जेमतेम हातभर अंतरावर. स्क्रू मी हातात घेऊन बघितला. कोरडा, चकचकीत. त्याचं भोक पाईपपासून चार इंच लांब, काकांनी सांगितलं होतं अगदी तिथे.

संदीप वर फोनवर होता. काका नातवाला घेऊन स्वयंपाकघरात. मला किती वेळ होता? दहा मिनिटं? त्या दहा मिनिटांत मी काय विचार केला हे तुम्हाला सांगता आलं तर बरं वाटेल, पण मी काही विचार केला नाही. माझे हातच कामाला लागले. जोड कापून काढला आणि पिशवीत टाकला. खड्डा स्क्रूच्या बाजूने मोठा केला, इतका की स्क्रू कुठे होता आणि पाईप कुठे होता हे कुणालाच सांगता येऊ नये. मग संदीपला हाक मारली आणि तो स्क्रू त्याच्या हातावर ठेवला.

"पाईपात गेला होता," मी म्हटलं.

वडाची साल पिंपळाला म्हणतात ती अशी लावतात. दोन शब्दांत लागते.

संदीप चांगला मुलगा आहे. पण महिनाभर ओल बघून त्याचं डोकं फिरलेलं. तो तिथूनच ओरडला, "बाबा, हाऊ मेनी टाइम्स! किती वेळा सांगितलं, इथे काही रिपेअर करायला जाऊ नका. हे काय अमरावतीचं घर आहे का?" बायकोसमोर. नातू रडायला लागला. काका आले, गुडघ्यांवर बसले, खड्ड्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. बघण्यासारखं मी काही ठेवलं नव्हतं. त्यांनी खिशातला टेप काढला, भिंतीला लावला, आणि मोजायला दुसरं टोकच नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं — हळू, वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं —

"ड्रॉइंगमध्ये तर पाईप चार इंच लांब होता ना?"

अजूनही वेळ होता. त्या वेळीही मी म्हणू शकलो असतो, थांबा, मला परत बघू द्या. मी म्हटलं, "ड्रॉइंगप्रमाणे मोजलं असतं तर गेलाच नसता, काका."

दुरुस्तीची मजुरी मी घेतली नाही. संदीपने ही गोष्ट मंडळात चार लोकांना सांगितली, आपला माणूस म्हणजे असा असतो म्हणून. त्या वर्षी मला सहा घरांची कामं मिळाली. मी ती चोख केली. त्या सहांपैकी एकाही घरात फरशीखाली जोड नाही, आणि हे मी बचाव म्हणून सांगत नाहीये, फक्त तसं झालं.

काका मार्चमध्ये परत गेले. दोन वर्षांनी पुन्हा आले तेव्हा मी बॉयलरच्या सर्व्हिसला गेलो होतो. देवघर फळीवर गेलं होतं. काका सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते, शर्टाचा खिसा सपाट. संदीपला भिंतीवर एक फोटो लावायचा होता, साधा एक हुक. तो म्हणाला, "बाबा, जरा मध्य काढून द्या ना." त्याचा राग केव्हाच गेला होता. त्याला बहुतेक आठवतही नव्हतं. काका हसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "त्यांनाच मोजू दे. माझं माप आता भरवशाचं नाही राहिलं." तीस वर्षं पोरांना माप शिकवलेला माणूस हे म्हणाला, आणि मी भिंत मोजली, मध्यावर पेन्सिलची खूण केली आणि हुक ठोकून दिला.

गेल्या हिवाळ्यात ओक ट्री रोडवर, वाणसामानाच्या दुकानात, संदीप भेटला. काका वारले म्हणाला, अमरावतीला, झोपेतच. आयटीआयचे जुने विद्यार्थी आले होते म्हणाला, पन्नाशीचे बाप्ये, रडत होते. काकांची हत्यारं त्यांच्यातच वाटून टाकली, कारण शेवटची काही वर्षं त्यांनी हात लावला नव्हता. का लावला नव्हता ते संदीपला ठाऊक नव्हतं. वय झालं होतं, म्हणाला. मीही हो म्हटलं. हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती मी तशीच परत ठेवली आणि बाहेर आलो.

पण एक राहिलंय, आणि तेच सांगायला इतका वेळ लावला.

त्या जानेवारीच्या दिवशी काम संपवून मी व्हॅनमध्ये सामान चढवत होतो. बर्फ पडलं होतं. काका दारातून बाहेर आले, पायात घरातल्या सपाता, अंगात नुसता स्वेटर. मला वाटलं, त्यांना कळलं. एवढा हुशार माणूस, त्याला कळणारच. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, खोटं नाही सांगत. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा माणूस.

"माझ्यामुळे तुमचं चांगलं काम खराब झालं," ते म्हणाले. "अर्धा इंच कुठेतरी सरकला असेल माझा हात. मला माफ करा."

जोड पिशवीत होता. पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये, व्हॅनच्या दारात.

मी त्यांचे जोडलेले हात माझ्या हातांत धरले, खाली केले, आणि म्हणालो, "असू द्या काका, होतं असं." मी त्यांना माफ केलं. त्यांनी माझे आभार मानले आणि सपातांना लागलेलं बर्फ पायरीवर झटकून आत गेले.