बाबाच्या नावानं सोडलेला कोंबडा

कोंबड्यावर अर्ज! जैबुनबीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माणसाने माणसाविरुद्ध अर्ज करावा, फिर्याद करावी, हवं तर कोर्टात ओढावं. पण साऱ्या दिग्रसमध्ये आजवर कोणी कोंबड्याविरुद्ध अर्ज केल्याचं तिने ऐकलं नव्हतं. आणि तोही शाईने, समास सोडून, खाली वळणदार सही करून!

अर्ज करणारे वामनराव तिचे सख्खे शेजारी. कचेरीत कारकून. मराठी मुलखाचं नवं राज्य झालं आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची साताऱ्याकडून इकडे बदली झाली. घरमालक रामधनच्या टिनाच्या घरांत दोन बिऱ्हाडं आणि मधे एकच अंगण. एका बाजूला जैबुनबी आणि तिचा नवरा अब्दुल गनी, कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा. दुसऱ्या बाजूला वामनराव, त्यांची बायको सुचित्राबाई, चार वर्षांची मंजुषा आणि ठमी नावाची पांढरीशुभ्र मांजर. वामनराव माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला तोंडाने भांडता येत नसे. नळाला पाणी कमी आलं, अर्ज. टिनावर माकडं नाचली, अर्ज. आता कोंबडा.

अर्ज घरमालकाच्या नावे होता. रामधन तो घडी करून खिशात घालून आला आणि अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "जैबुनबी, तुमचा कोंबडा त्यायच्या मांजरीच्या अंगावर जाते, बाईच्या अंगावर जाते. अन् वरून तुमीच कबूल केलं म्हनते, का मी त्याले सोडेल हाये म्हनून. खरं काय?"

"हाव, म्हटलं मी! शंभर खेपा म्हनीन! सोडेल हाये त्याले. लपवून काय ठेवू?"

रामधनने कपाळाला हात लावला. अशी बिनधास्त कबुली त्याला अपेक्षित नसावी. "मंग पंधरा दिवस देतो. तवापर्यंत सुधरला त ठीक. नाही त बाजाराच्या दिवशी कापा, नाही त कोनाले देऊन टाका. माह्या अंगनात नको."

तो निघून गेला आणि जैबुनबी चुलीपुढे बसून भाकरीपेक्षा स्वतःच जास्त भाजत राहिली. तिचा राग कोंबड्याच्या बाजूने होता असं नाही. पोरगा मस्तीला आला होता हे तिलाही दिसत होतं. सहा महिन्यांचा झाला, तुरा लाल झाला, आरवायला लागला आणि अंगणाचा मालकच झाला. जैबुनबीच्याच शेळीच्या नाकावर चोच मारी, सुचित्राबाई धुणं वाळत घालायला आली की मानेची पिसं फुगवून तिच्या लुगड्यावर झेप घेई. ती बिचारी किंचाळत पळे, आणि पळणारं माणूस दिसलं की याला आणखी चेव येई. हे सगळं खरं. पण जैबुनबीचा प्रश्न वेगळा होता. पाच पिल्लं गेली तेव्हा कुठे होता तुमचा अर्ज?

कारण ही पिल्लं होती सहा. सात महिन्यांपूर्वी अब्दुल गनीला मुदतीचा ताप चढला. एकवीस दिवस माणूस अंथरुणात बरळत होता. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा जैबुनबी अनवाणी टेकडीवरच्या दर्ग्यात गेली आणि बाबाजवळ नवस बोलली: माझा धनी उठू दे, खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पिल्लांतला एक कोंबडा तुझ्या उरुसात तुला देईन. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कोंबडीखालून सहा पिल्लं निघाली. आणि त्यांतली पाच ठमीने खाल्ली.

ठमी घरी दूधभात खाई. कोणी विचारलं तर सुचित्राबाई कौतुकाने सांगे, आमची ठमी अंड्यालासुद्धा शिवत नाही. शिवत नाही! पाच दिवसांत पाच पिल्लं, आणि मिशांना पीस चिकटलेलं! जैबुनबीने तेव्हा शब्द काढला नाही. शेजारधर्म आहे, मुकं जनावर आहे, म्हणून गिळून घेतलं. सहावं पिल्लू तेवढं तिने दिवसा टोपल्याखाली आणि रात्री उशाशी ठेवून वाढवलं. तेच नेमकं नर निघालं. आता उरुसाला देण्यासारखं तिच्याजवळ तेवढं एकच होतं. बाजारातून आणलेला दुसरा चालणार नव्हता. बोली याच पिल्लांतल्या एकाची होती. तो गेला तर शब्द मोडला. आणि शब्द मोडला तर बाबा अब्दुल गनीला दिलेलं परत घेणार नाही कशावरून? तो अजून काठी धरूनच उठत होता.

हे सगळं ती वामनरावांना नीट सांगायला गेली होती. ओट्याखाली उभी राहून, पदर डोक्यावर घेऊन म्हणाली होती, "साहेब, उरुसापर्यंत सबर करा. मी त्याले बाबाच्या नावानं सोडेल हाये." यात वाईट काय होतं? त्यावर ते पांढरेफटक पडले, आत गेले आणि टाक घेऊन बसले. अशा माणसाला काय म्हणावं?

पण रागावून कोंबडा सुधरत नाही, हे तिला कळत होतं. आईच्या घरी तिने ढीगभर कोंबडे पाहिले होते. मारलं की कोंबडा समजतो, समोरचा लढायला आलाय; पळालं की समजतो, आपण जिंकलो. म्हणून तिने दोन्ही बंद केलं. सकाळी खुराड्यातून काढला की थेट काखेत. तसाच काखेत घेऊन झाडलोट, तसाच घेऊन शेळीची धार. तो धडपडे, चोच मारी. ती त्याची मान हलक्या हाताने खाली दाबून धरी आणि निमूट झाला की सोडी. खाली उतरल्यावर ठमी दिसली आणि पिसं फुगली की वरून टोपलं. पिसं बसली की टोपलं वर आणि चार दाणे ज्वारीचे. दिवसातून वीस वेळा. हातावर ओरखडे उठले, कंबर मोडून आली.

सुचित्राबाईलाही तिने तिच्या ओट्यावर जाऊन सुनावलं, "वहिनी, पळू नका. तो आला त तुमी एक पाऊल त्याच्याच अंगावर चाला. अन् ठमीचं पोट घरातच भरून बाहेर सोडा. उपाशी मांजर माह्या खुराड्याकडं पाहून राह्यली त माहा कोंबडा काय तिची आरती करीन?"

सुचित्राबाईला हसू आलं, आणि नवल म्हणजे तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी कोंबडा धावून आला तेव्हा ती थरथरत का होईना, एक पाऊल पुढे टाकून उभी राहिली. कोंबडा थबकला, इकडेतिकडे पाहिलं आणि जणू काही झालंच नाही असा माती उकरायला लागला.

पंधराव्या दिवशी रामधन आला तेव्हा ठमी उन्हात पाय पसरून पडली होती आणि हातभर अंतरावर कोंबडा डोळे मिटून उभा होता. रामधनने आधी मांजरीकडे, मग कोंबड्याकडे पाहिलं.

"येवढं येते तुमाले, मंग आधी काहून सोडला होता त्यायच्यावर?"

"कोनावर?"

"वामनरावायवर. हे पाहा ना." त्याने खिशातून अर्ज काढून मोठ्याने वाचला: "सदर बाईने स्वमुखाने कबूल केले की, सदर कोंबडा तिने बाबाच्या, म्हणजे अर्जदाराच्या, नावाने मुद्दाम सोडलेला आहे."

तेवढ्यात आतून मंजुषाने हाक मारली, "बाबा, आई बोलावतेय!" आणि ओट्यावर उभे असलेले वामनराव "आलो" म्हणाले.

रामधनला हसता हसता ठसका लागला. "अहो साहेब, बाबा म्हंजे टेकडीवरचा बाबा! त्याच्या नावानं सोडेल, म्हंजे नवस बोललेला हाये!" दारात येऊन ऐकणारी सुचित्राबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. वामनराव कानापर्यंत लाल झाले. हसली नाही ती फक्त जैबुनबी. पंधरा दिवस आपल्याला या लोकांनी शेजाऱ्याच्या अंगावर जनावर घालणारी बाई समजलं, आणि कोणता बाबा, एवढं एकाने येऊन विचारलं नाही!

"आमच्याकडे असं बोलत नाहीत हो," वामनराव पुटपुटले.

"मंग इचाराचं! तोंड हाये ना!"

उरूस दीड महिन्याने आला. तोवर कोंबड्याला काखेत घ्यायची गरज उरली नव्हती. तो आपणहून तिच्यामागे फिरे आणि ती बसली की मांडीवर चढे. त्या दिवशी तिने त्याला न्हाऊ घातलं, गळ्यात फुलांची दोरी बांधली आणि टेकडी चढली. अब्दुल गनी काठीशिवाय बरोबर चालत होता. दर्गा सांभाळणाऱ्या मुजावराने हात पुढे केले तेव्हा कोंबडा जराही फडफडला नाही. फडफड करायची नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

संध्याकाळी परतल्यावर वामनराव मुद्दाम ओट्यावरून उतरून आले. अर्जाची लाज अजून गेली नव्हती, चांगलं काही बोलावं म्हणून म्हणाले, "चला जैबुनबी, सुटलात. आता आमची ठमीही निर्धास्त."

"तुमची ठमी दीड महिन्यापासून निर्धास्त हाये, साहेब! मी केली तिले निर्धास्त!" एवढं म्हणून तिने दार लावून घेतलं. आत भांडी आपटली, टोपलं कोपऱ्यात फेकलं, दर्ग्यावरून आणलेल्या नियाजच्या ताटाला, त्याच कोंबड्याच्या प्रसादाला, हात लावला नाही.

अब्दुल गनी पिंजायला बसला होता. ताप आल्यापासून आज पहिल्यांदा. तो थांबला आणि म्हणाला, "कायले येवढी तापली? बाबानं आयकलं तुह्यं. मी जिता हाव का नाही?"

"हाव ना, जिते हाये तुमी," जैबुनबी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "म्हनून त समजून नाही राह्यलं, आता रागावू कोनावर."