चिखलात आधी भीमराजचा पाय

भीमराज आमच्या शाळेत सातवीपर्यंत होता. वर्गात फारसा बोलायचा नाही, पण कुणाची सायकल बिघडली की मधल्या सुट्टीत तिच्यापाशी बसलेला दिसायचा. आता त्याची पन्नाशी उलटली. मुकुटबनच्या पुढं, कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, म्हणजे पोडांवर, तो लसीकरणाची जीप नेतो. वाट ओली असली की गाडी थांबवून, चपला काढून तो आधी स्वतः चालून येतो. काळी माती वरून सुकलेली दिसते तिथंच आत मऊ असते आणि ते पायालाच कळतं, असं त्याचं म्हणणं.

गेल्या फेब्रुवारीत अवकाळी पावसानंतर एका सकाळी मात्र तो उतरला नाही. पोडावर सतरा लेकरं लसीची वाट पाहत होती आणि त्यांच्या आया बारा वाजता आठवडी बाजाराला निघणार होत्या. त्या एकदा गेल्या की पुन्हा महिनाभर जमायच्या नाहीत. शेजारी नर्स दीपमाला लसींचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन घड्याळ पाहत होती.

नाल्याच्या उतारावर जीप रुतली. मागचं डावं चाक गरगर फिरू लागलं, उजवं जागचं हलेना.

"भाऊ, रेस द्या न थोडी," दीपमाला म्हणाली.

"रेस देल्ली तं गाडी पाताळात जाईन, ताई. मंग तिलेच सुई टोचा."

या जीपला डिफरेन्शियल लॉक आहे. ते लावलेलं नसलं तर सगळा जोर सैल चाकाकडं पळतो. लावलं की मागची दोन्ही चाकं एकदम फिरतात. पण चाक फिरत असताना ते लावायचं नसतं. भीमराजनं चाक थांबू दिलं. टायरमधली थोडी हवा सोडली, हातानं चिखल उपसला आणि बांधावर उपटून ठेवलेली पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, कवळाभर आणून चाकांखाली घातली.

गाडी का आली नाही म्हणून भुरीबाई पोडावरून पाहायला आली. पऱ्हाटी तिचीच होती.

"काहून रे, माहं सरपन चिखलात घालून राह्यला?"

"मावशी, तुह्याच नातवाची लस अडकली. सरपन पाह्यजे का लस?"

"दोनी पाह्यजे. सरपन धुऊन आनजो."

लॉक लावून, पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता त्यानं जीप हळूहळू वर काढली. घट्ट रस्ता लागला. पोडाकडं वळायला त्यानं स्टिअरिंग फिरवलं, तर जीप सरळ बाभळीकडं निघाली. ब्रेक लागला. दीपमालेनं डबा छातीशी धरला.

"काय झालं?"

"माही चूक. लॉक काढाचं राह्यलं."

लॉक लावलेलं असलं की घट्ट जमिनीवर गाडी वळायला मागत नाही. त्यानं चाकं सरळ केली, थोडं मागं घेऊन लॉक काढलं.

पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. पण आया चिंचेखाली पिशव्या घेऊन बसल्या होत्या. भुरीबाई पायवाटेनं आधीच येऊन त्यांना अडवून उभी होती.

"गाडी निंगाली, म्या पाह्यली. बाजार कोठी पळून नाही जात," ती प्रत्येकीला सांगत होती.

डब्यातला बर्फ अजून कडक होता. सोळा लेकरं झाली. सतरावा भुरीबाईचा नातू, तो कुणाकडं थांबेना.

"तूच धर याले," ती भीमराजला म्हणाली. "सुई तूच आनली न."

भीमराजनं चिखलाचे हात पँटला पुसले आणि पोराला घट्ट धरलं.