सिगारांची प्रकृती

आमच्या घरात सध्या सव्वीस जण राहतात: मी आणि पंचवीस सिगार. त्यातल्या पंचवीस जणांच्या प्रकृतीची जर्मनीहून आस्थेनं चौकशी होते.

मी कळंबच्या शाळेतला निवृत्त मास्तर. काखेत कांदा दाबून ताप आणणारी पोरं मी वर्गाच्या दारातच ओळखायचो. (माझ्या मुलाला, निखिललाही एकदा कांद्यासकट कान धरून शाळेत नेलं होतं.) हिला जाऊन तीन वर्षं झाली. निखिल गेल्या दिवाळीत जर्मनीहून आला तेव्हा सिगारांचं खोकं घेऊन आला आणि ते ठेवायला इथंच एक गुडघ्याएवढा फ्रिज घेतला. म्हणाला, "अप्पा, हे नीट मुरू द्या. पुढच्या वेळी आलो की गच्चीवर बसून दोघं एकेक ओढू."

मी जन्मात विडी ओढलेली नाही. (एकदा ओढली. खोकल्यानं सगळ्या गल्लीला कळलं!) पण 'पुढच्या वेळी' म्हटल्यावर मी कबूल झालो.

फ्रिज मात्र आडदांड निघाला. सिगारांना हवे अठरा अंश, हा नेई पाचावर. मग निखिलनं कुरिअरनं एक डबी पाठवली. डबी भिंतीच्या सॉकेटात, फ्रिजची पिन डबीत आणि डबीची वायर फ्रिजच्या आत. वायरच्या टोकाला सेन्सर. आत अठरा अंश झाले की डबी फ्रिजची लाईट तोडणार आणि आकडा भलताच चढला की थेट निखिलच्या मोबाईलवर बोंब मारणार!

शेजारचा भागवत दूध घालायला आला होता. तो म्हणाला, "गुरुजी, बिड्याला फ्रिज? अन् आमचं दूध रोज नासायलंय त्याचं काय?"

मे महिन्यात एका दुपारी मी पहिला घास घेतला आणि फोन वाजला.

"अप्पा! त्रेचाळीस!"

"इथं रोजच असतंय."

"बाहेर न्हाय हो, फ्रिजमध्ये! सिगार भाजतायत! फ्रिजचं बटण पूर्ण फिरवा!"

फिरवलं. चव्वेचाळीस! निखिल म्हणाला, बर्फ टाका. मी भागवतच्या पातेल्यात रसवंतीवरचा बर्फ भरून आणला आणि आत कोंबला. पंचेचाळीस! फ्रिज थरथरत होता, निखिल ओरडत होता आणि मी ओल्या टॉवेलनं फ्रिजला वारा घालत होतो.

रिकामं पातेलं न्यायला आलेला भागवत शांतपणे म्हणाला, "गुरुजी, ही वायर खिडकीत कामून लटकलीय?"

सकाळी फ्रिज पुसताना सेन्सर मीच खिडकीच्या खिळ्याला वाळत घातला होता. म्हणजे तासभर आम्ही कळंबचं ऊन अठरा अंशावर आणायला निघालो होतो! आत सिगार बर्फात गारठून पडले होते.

निखिल रागावेल असं वाटलं, पण तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "अप्पा, घर दाखवा की." मी फोन घेऊन घरभर फिरलो. त्यानं आईची शिलाई मशीन पाहिली, माझं ताट पाहिलं, बारीक झालात म्हणाला. एरवी रविवारी चार मिनिटं बोलणारा पोरगा त्या दिवशी तासभर बोलला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. कामात असेल, मला कळत होतं. पण घर इतकं गप्प होतं की फ्रिज गुरगुरला तरी मी "काय रे?" म्हणायचो. मला एकटं वाटत होतं, दुसरं काही नाही.

बुधवारी दुपारी मी फ्रिज उघडला, सेन्सर बाहेर काढला आणि इकडंतिकडं बघून काखेत दाबला. वायर जेमतेम दोन हात, म्हणून फ्रिजला टेकून जमिनीवर बसावं लागलं. दहा मिनिटांत फोन वाजला.

"अप्पा, काय झालं? छत्तीसच्या वर गेलंय!"

"कोण जाणे बाबा. सिगारांना कणकण आली असेल."

मग निखिल हळूच म्हणाला, "अप्पा, दुसऱ्या काखेत कांदा हाय का?"

मी मुकाट्यानं सेन्सर काढून फ्रिजमध्ये ठेवला. अख्खी नोकरी मी पोरं पकडण्यात घालवली, आणि मला मात्र असा विद्यार्थी भेटला की त्यानं जर्मनीत बसून मास्तर पकडला!