गुरुवारची वास्तुशांत

सबंध महाराष्ट्राला सुट्टी रविवारी आणि आम्हाला गुरुवारी. कारखान्यांची वीज वेगवेगळ्या वारी बंद ठेवायचे, त्यात हा वार आमच्या वाट्याला आला म्हणतात. खरंखोटं देव जाणे. लग्न होऊन पिंपरी-चिंचवडात आले तेव्हा मी तर हबकलेच होते. रविवारी भल्या पहाटे नवरा डबा घेऊन कंपनीच्या बसकडे पळायचा आणि गुरुवारी सगळी गल्ली बनियनवर गाड्या धूत बसलेली असायची. पुढे कंपनी चाकणला गेली, सुट्टी मात्र गुरुवारचीच राहिली. त्यातून तो दत्ताचा वार, म्हणून मटणाचा बेतही नाही! बिल्डिंगमधले पुरुष त्यावरून अजून हळहळतात.

माझ्या वडिलांना हे गाव कधी पटलंच नाही. जन्म पुण्याच्या पेठेत गेलेला, त्यात शाळामास्तर. "ते गाव नव्हे, कारखान्याचं आवार आहे," म्हणायचे. "तिथे माणसं राहत नाहीत, कामाला असतात." पंधरा-सोळा किलोमीटरवर मुलगी, पण बारा वर्षांत ते एकदाही माझ्याकडे जेवले नाहीत. भाड्याच्या घरात काय यायचं, हे निमित्त. मग रहाटणीत आमचा स्वतःचा फ्लॅट झाला. आता निमित्त संपलं, आता अप्पांना यावंच लागेल, असं मी मनाशी घट्ट धरून बसले.

आणि घोळ मीच घातला. गुरुजींनी वास्तुशांतीचे दोन मुहूर्त दिले, एक गुरुवारचा, एक रविवारचा. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "गुरुवार! सगळ्यांना सुट्टी असते." पत्रिका वाटून झाल्या, आचाऱ्याला सांगून झालं, मग माहेरी फोन केला. भाऊ बँकेत, वहिनी शाळेत.

"बारा वर्षांत रविवार विसरलीस?" अप्पा म्हणाले. "कामाच्या दिवशी आमच्याकडचं कोण येणार?"

"तुम्ही तर रिटायर आहात ना, अप्पा."

"माहेरचा आहेर घेऊन भाऊ येतो. मी एकटा येऊन काय शोभा करू?" आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात बसून रडले. नवरा म्हणाला, रविवार करू. पण चाकणला त्या आठवड्यात कुणाचीच रजा मंजूर होत नव्हती. यजमानच कामावर, तर गुरुजी कुणाची वास्तू शांत करणार, कपाळ!

गुरुवार उजाडला आणि बिल्डिंग कामाला लागली. काय सांगू त्या माणसांचं कौतुक! खालच्या गॅरेजवाल्या चाचांनी स्वतःच्या टेम्पोतून खुर्च्या आणल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बिहारी जोडप्याने दारात फुलांची तोरणं बांधली. रत्नागिरीचे काका नाइट शिफ्ट करून आले ते न झोपता थेट नारळ सोलायला बसले. ह्यांतल्या एकालाही मी काम सांगितलं नव्हतं. पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर कोण आजारी आहे हे आम्हाला औषधवाल्याकडून कळायचं. इथे ज्याचं त्याचं गाव रात्रभराच्या प्रवासावर, तेव्हा कार्य निघालं की शेजार उठायचा, हा इथला रिवाजच आहे. मला ह्या गावाचा अभिमान वाटतो, अगदी छाती फुगवून सांगते.

आमच्यात पूर्णाहुतीला बाई माहेरची साडी नेसून बसते. गुरुजी म्हणाले, "माहेरची साडी आणा." मी खाली मान घातली. तेवढ्यात समोरच्या दारातली लातूरची बाई उठली, तरातरा घरी गेली आणि जांभळी इरकल घेऊन आली. भावाने भाऊबीजेला दिलेली, अजून घडीसुद्धा मोडली नव्हती. लातूरला जाऊन नेसणार म्हणून वर्षभर कपाटात जपली होती.

"अगं, ही तुझ्या भावाची," मी म्हटलं.

"मग? मी हाय की तुझी माहेरची. ऊठ, नेस गपगुमान!"

मी नेसले. पूर्णाहुती झाली, आणि धुरातून वर बघते तर दारात अप्पा. मेट्रोने पिंपरीला उतरून रिक्षा केलेली, धोतराला घाम, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. कधीचे उभे होते कोण जाणे. चपलांच्या ढिगातून आत यायला वाट नव्हती आणि कुणाला "सरका" म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"ही साडी कुणाची?" त्यांनी विचारलं. वाटलं, आता बोलणार, आल्या पावली परत जाणार.

"माझी हाय, अण्णा," लातूरची बाई पुढे झाली. "तिच्या माहेरचं कुणी नव्हतं, म्हणून मीच झाले माहेरची. चुकलं का काही?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे, बिहारी पोरीच्या हातातल्या फुलांकडे, नारळ सोलून हात सोललेल्या काकांकडे. पिशवी उघडून त्यांनी मोतिया रंगाची पैठणी काढली. अप्पा एकटे दुकानात जाऊन साडी आणतील असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मी हात पुढे केला.

अप्पा माझ्यासमोरून गेले आणि साडी त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवली.

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. माझी पैठणी! बाई तर गोंधळून मागे सरकली. "अण्णा, अहो, लेकीला द्या की."

"लेकीलाच देतोय," अप्पा म्हणाले. "मी उशिरा आलो. तोवर माझं काम तू केलंस."